पहिले हजार

‘नोकरीचं काय झालं?’ हा प्रश्न तालुक्याच्या गावात आता जरा जपून विचारतात, कारण उत्तर बहुधा ठाऊकच असतं. ‘चॅनेल मॉनिटाइज झालं का?’, म्हणजे यूट्यूबवरून पैसे सुरू झाले का, हे मात्र टपरीवर, पारावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा बेधडक विचारलं जातं. विचारणाऱ्याने स्वतः कधी व्हिडिओ टाकलेला नसतो, पण नियम त्याला पाठ असतात. हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तास. स्वतःच्या सातबाऱ्यावरचं क्षेत्र ज्यांना धड सांगता येत नाही, तेही हे दोन आकडे न अडखळता सांगतात.

हे आकडे पहिल्यापासूनचे नाहीत. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा. संस्थापकांपैकी जावेद करीम सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहतो आणि यांची सोंड फार लांब असते, एवढंच सांगतो. १९ सेकंदांत विषय संपला. ना स्वागत, ना घंटीचं बटण. जाहिरातीच्या पैशात व्हिडिओ करणाऱ्याला वाटा देण्याची योजना २००७ मध्ये आली आणि पुढे भारतातही पोचली. २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या लक्षात आलं, की आपल्या जाहिराती अतिरेकी प्रचाराच्या व्हिडिओंवरही झळकताहेत. त्यांनी हात आखडता घेतला, आणि भुर्दंड बसला तो नवख्यांना. त्या वर्षी एप्रिलमध्ये एकूण दहा हजार व्ह्यूजची अट आली, ती जानेवारी २०१८ मध्ये बदलून आजची झाली : १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असणं. छोट्या उभ्या व्हिडिओंचा, म्हणजे शॉर्ट्सचा मार्ग धरलात तर तासांऐवजी ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. २०२३ पासून ५०० सबस्क्रायबरवर एक अर्धं दार उघडलं आहे. त्यातून प्रेक्षक खुशीने पैसे देऊ शकतात, पण जाहिरातीचा वाटा मिळत नाही. गावात ते दार कोणी मोजत नाही. मॉनिटाइज म्हणजे हजार.

चार हजार तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. वर्षावर पसरली तर जगातल्या कोणीतरी रोज अकरा तास तुम्हाला पाहत बसलं पाहिजे. हा हिशेब आधी करून मग कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि तेच बरं. केला असता तर कोणी उभंच राहिलं नसतं.

समजा, बार्शीतली एक शिवणकाम करणारी बाई आहे. ही मी कल्पिलेली आहे, पण तिच्या वाटेवरच्या खाचा कल्पित नाहीत. पंधरा-वीस वर्षं ब्लाउज शिवते आहे, दोन मशिनी आहेत, दुपारी चार मुली शिकायला येतात. त्यांतली एक म्हणते, ‘काकू, तुम्ही मुंढा कापता तो व्हिडिओ टाका ना.’ इथून सुरुवात होते. पहिली अडचण फोनची नसते, घरातल्या परवानगीची असते. सासू विचारते, ‘तोंड दिसणार का?’ मधला मार्ग निघतो : फक्त हात दिसतील. मराठी यूट्यूबवरचा एक फार मोठा मुलूख अशा नुसत्या हातांचा आहे. रांगोळी काढणारे, मेंदी रेखणारे, मोदकाला कळ्या पाडणारे, ब्लाउजच्या कापडावर खडूने खुणा करणारे हात. बांगड्या दिसतात, आवाज ऐकू येतो, चेहरा कधीच दिसत नाही. जाणकार म्हणवणारे सांगतात की चेहरा दिसला तरच ओळख बनते. पण ज्या बाईला बाही जोडायची आहे, तिला शिकवणारीचं तोंड पाहून काय करायचं आहे? तिला कापड आणि कात्री दिसली पाहिजे. इथे संकोच आणि सोय दोन्ही एकाच बाजूला पडले.

खातं उघडायला पाच मिनिटं लागतात. फोन नंबरची खातरजमा केली नाही तर पंधरा मिनिटांहून मोठा व्हिडिओ टाकता येत नाही आणि व्हिडिओवर स्वतःचं चित्र, ज्याला सगळे थंबनेल म्हणतात, तेही लावता येत नाही. मग प्रत्येक व्हिडिओपाशी एक प्रश्न येतो : हा मुलांसाठी बनवलेला आहे का? अमेरिकेत मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल २०१९ मध्ये कंपनीला १७ कोटी डॉलर मोजावे लागले, त्यानंतर जानेवारी २०२० पासून हा प्रश्न जगभर सगळ्यांना विचारला जातो. आपली बाई परकराच्या शिलाईचा व्हिडिओ टाकताना विचार करते, की परकर तर लहान मुलीचा आहे, आणि ‘हो’ दाबते. झालं. त्या व्हिडिओखाली कोणाला काही लिहिता येत नाही. परकर कोणाच्या मापाचा आहे हे विचारलेलं नसतं, व्हिडिओ कोण बघणार हे विचारलेलं असतं. हे कोणीतरी सांगेपर्यंत तिला वाटत राहतं, की आपलं काम कोणाला आवडलंच नाही.

पहिला व्हिडिओ जवळजवळ नेहमी एका जागी फसतो, आणि ती जागा चित्राची नव्हे, आवाजाची असते. आजचे साधे फोनही चित्र चांगलं घेतात. आवाज मात्र फोन चार फुटांवर ठेवला की खोलीतला सगळा घेतात. पंखा, शेजारच्या कुकरची शिट्टी, गल्लीतला भंगारवाला. पंखा बंद करून एप्रिलमध्ये बार्शीत चित्रीकरण करणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. नवख्याने पैसे खर्चायचेच असतील तर कॉलरला लावायच्या माईकवर खर्चावे, गोल दिवा नंतर घेता येतो, खिडकी फुकट आहे. हे मी पदरचं सांगत नाही, चार व्हिडिओ टाकून झालेला कोणीही हेच सांगतो.

दुसरी गोष्ट नमस्काराची. ‘नमस्कार मैत्रिणींनो, कशा आहात सगळ्या? मजेत ना? स्वागत आहे तुमचं आपल्या चॅनेलवर, चॅनेलवर नवीन असाल तर...’ आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात, तेव्हा हे अंगवळणी पडलेलं आहे. पण व्हिडिओ टाकणाऱ्याला आतल्या बाजूला एक आलेख दिसतो : किती जण कितव्या सेकंदापर्यंत थांबले. तो नवख्याने पहिल्यांदा उघडला की पोटात गोळा येतो. रेघ पहिल्या अर्ध्या मिनिटातच कड्यावरून खाली येते. माणसं नमस्कार संपायच्या आत निघून गेलेली असतात. बाईने मुंढ्यापासून सुरुवात केली आणि नमस्कार शेवटी ठेवला, तर तीच रेघ जरा सावकाश उतरते. तिला ते उद्धट वाटतं. वर्गातल्या मुलींना शिकवतानाही ती नमस्कार करून सुरुवात करत नाही, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागतो.

आता सबस्क्रायबर. पहिल्या आठवड्यात साठ-सत्तर होतात आणि घरात आनंदीआनंद असतो. नणंद, भाचे, पुण्याचे दीर, महिला बचत गटाचा व्हॉट्सॅप ग्रुप, मुलाच्या शाळेतल्या मैत्रिणी. सगळ्यांना दुवा पाठवलेला असतो, ‘प्लीज सपोर्ट करा’ असं लिहून, हात जोडून. मग आकडा थांबतो. इथेच गावोगावच्या नवख्यांची गाठ ‘सब फॉर सब’च्या ग्रुपशी पडते. तुम्ही माझं करा, मी तुमचं करतो, स्क्रीनशॉट पाठवा. लग्नातल्या आहेराच्या वहीसारखा चोख हिशेब असतो, कोणी किती केले, कोणाचे फेडायचे राहिले. यूट्यूबच्या नियमांत ही देवघेव बसत नाही आणि असे सबस्क्रायबर कधी कधी पुसलेही जातात. पण नियमापेक्षा मोठी भानगड वेगळीच आहे.

दीर सबस्क्राइब करतात, पण दिरांना ब्लाउज शिवायचा नाही. नवा व्हिडिओ त्यांच्या पडद्यावर येतो, ते बोटाने वर सारतात आणि क्रिकेट बघतात. यूट्यूबचं यंत्र, म्हणजे कोणाला काय दाखवायचं ते ठरवणारी प्रणाली, हे टिपतं. व्हिडिओचं चित्र ज्यांच्या पडद्यावर आलं त्यांतल्या किती जणांनी त्यावर बोट ठेवलं, याचं प्रमाण काढलं जातं. यूट्यूबच म्हणतं की निम्म्या चॅनेलांचं हे प्रमाण दोन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असतं. शंभरांपैकी नव्वद-अठ्ठ्याण्णव जण पुढे जातातच, त्यात वाईट वाटण्याजोगं काही नाही. पण सुरुवातीचे सगळे पडदे ज्यांना शिवणाशी देणंघेणं नाही अशा नातलगांचे असले, तर ही बाई नक्की कोणासाठी बोलते आहे याचा अंदाज यंत्राला बांधता येत नाही. मायेने जमवलेली माणसं वाट अडवून बसतात. बिनओळखीची एक बाई, परभणीची असो की बेळगावची, तिने रात्री अकराला ‘मुंढ्याला चुण्या का येतात’ असं शोधलं आणि सहा मिनिटं बघितलं, तर तिचं वजन साठ भाच्यांपेक्षा जास्त. आपल्याकडे कुठलंही काम ओळखीने होतं अशी शेकडो वर्षांची शिकवण आहे. दुकान काढलं तर पहिलं गिऱ्हाईक भाऊबंद, निवडणूक लढवली तर पहिली मतं भावकीची. पहिले हजार ओळखीबाहेरचे मिळवायचे ही गोष्ट म्हणूनच कॅमेऱ्याच्या भीतीपेक्षा जड जाते, आणि निम्मे नवखे इथे गळतात असा माझा कयास आहे.

बिनओळखीची माणसं दोन वाटांनी येतात. एक शोधत येतात, दुसरी यंत्र पाठवतं म्हणून येतात. नवख्याच्या हातात पहिलीच वाट. त्यामुळे व्हिडिओला नाव काय द्यायचं याला महत्त्व. ‘माझा पहिला व्हिडिओ’ किंवा ‘खूप सुंदर ब्लाउज’ असं कोणी शोधत नाही. ‘३६ साइज कटोरी ब्लाउज पेपर कटिंग’ असं शोधतात, आणि अर्ध्या जणी ते रोमन लिपीत टाइप करतात, कारण फोनवर देवनागरी कळफलक लावून घेतलेला नसतो. म्हणून मराठी चॅनेलांच्या नावांत देवनागरी आणि रोमन यांची ती बेंगरूळ खिचडी दिसते. भाषेच्या अभिमान्यांनी नाक मुरडावं, पण ती बेफिकिरीतून आलेली नाही, शोधणाऱ्याच्या बोटांकडे पाहून आलेली आहे.

आणि वेळ. हे ज्ञान आपल्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही, ते घरात भिंतीवर टांगलेलं असतं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, मग वाळवून, दळून, गुळात मळून पीठ मुरवत ठेवायचं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अनारशाचा व्हिडिओ टाकणारी एक तर शहरात विकतचं पीठ आणते, नाहीतर तिला अनारसे येत नाहीत. तो कोजागिरीच्या सुमारास टाकायला हवा. उकडीच्या मोदकांचा श्रावणात, नऊवारीच्या ब्लाउजचा तुळशीच्या लग्नाआधी, संक्रांतीच्या काळ्या साडीवरच्या ब्लाउजचा मार्गशीर्षात. कॅलिफोर्नियात बसलेल्या इंजिनियरांनी बांधलेलं यंत्र मराठी पंचांगाने चालत नाही, पण त्या यंत्रात शोधणारी माणसं चालतात. काय कधी शोधलं जाईल हे ज्याला आठ-पंधरा दिवस आधी कळतं, तो निम्मी लढाई जिंकतो.

ज्यांचं नाव झालं त्यांच्या सुरुवाती पाहिल्या तर थाटमाट कमीच सापडतो. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना पाककृतींचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली, तेव्हा भारतात फोनवर व्हिडिओ बघणं ही चैन होती. स्वस्त डेटा आला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर. मधली सात वर्षं त्या टाकत राहिल्या होत्या. लाट आली तेव्हा त्यांची होडी पाण्यात होती, एवढं म्हणता येईल. नाटकात वावरलेल्या मंडळींच्या ‘भाडिपा’ या विनोदी चॅनेलाची गोष्ट वेगळी, त्यांना रंगमंचाची सवय होती, ते नवखे नव्हतेच.

माझ्या मते खरी शिकण्याजोगी सुरुवात नगर तालुक्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांची, म्हणजे ‘आपली आजी’ची. २०२० सालच्या सुरुवातीला नातू यश पाठक याने आजीकडे पावभाजी मागितली. आजींना ती येत नव्हती. नातवाने यूट्यूबवरचे व्हिडिओ दाखवले, आणि ते पाहून आजी म्हणाल्या की मी याहून चांगली करीन. चॅनेल तिथून सुरू झालं. सत्तरीच्या आजी, कॅमेरा कधी समोर आलेला नाही, नातू अकरावी-बारावीच्या वयाचा. कामाची वाटणी किती नेमकी होती पाहा. चव आणि बोलणं आजींचं, नाव, चित्र, वेळ आणि काटछाट नातवाची. नवखा एकटा असतो तेव्हा त्याला ही दोन्ही कामं करावी लागतात, आणि बहुतेकांना त्यांतलं एकच येतं. ज्याला बोलता येतं त्याला कापता येत नाही, ज्याला कापता येतं त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. दुसऱ्या जातीचे लोक फार झाले आहेत. दुसऱ्यांचे तुकडे जोडून, यंत्राचा आवाज लावून रोज पाच व्हिडिओ टाकणारे. जुलै २०२५ पासून यूट्यूबने अशा घाऊक मालाविषयीचा नियम अधिक स्पष्ट केला आहे, पैसे मिळायचे तर माल स्वतःचा आणि दर वेळी नवा हवा. आजींना त्याची फिकीर नसावी. कारल्याची भाजी त्यांच्यासारखी दुसरं कोण सांगणार?

आणखी एक गर्दी २०२० मध्येच आली. २९ जूनला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. एका रात्रीत गावोगावचे लाखो फॉलोअरवाले शून्यावर आले. यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी सप्टेंबर २०२० मध्ये पहिल्यांदा भारतातच केली, ती का, हे सांगायला नको. पण टिकटॉकवरून आलेल्यांना एक धक्का बसला. शॉर्ट्सवर लाखभर व्ह्यूज मिळाले तरी ते मिनिटं-तासांच्या खात्यात जमा होत नाहीत. शॉर्ट्स पाहणारा माणूस तुमचं नावही न वाचता पुढच्यावर जातो. जाहिरातीच्या वाट्यातही फरक आहे, मोठ्या व्हिडिओला ५५ टक्के, शॉर्ट्सना त्यांच्या वाटणीच्या ४५ टक्के, आणि ते वाटप सुरू झालं फेब्रुवारी २०२३ मध्ये. शिवणकामासारख्या विषयाला शॉर्ट्स म्हणजे दुकानाबाहेरची पाटी, दुकान आत मोठ्या व्हिडिओतच.

गाण्यांचा घोळ मात्र सगळ्यांना भोवतो. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर शर्यतीचं थेट प्रक्षेपण हा एक स्वतंत्र धंदाच झाला. पुणे जिल्ह्यातले घाट, सातारा-सांगलीची मैदानं, विदर्भातला शंकरपट, सगळीकडे कॅमेरे उभे. मैदानावर भोंगा असतो, आणि भोंग्यावर सिनेमाचं गाणं असतं. बैल पळतात तुमच्या कॅमेऱ्यात, पण गाणं कोणत्या तरी कंपनीचं, आणि यूट्यूबकडे गाण्याचे ठसे साठवलेलं यंत्र आहे, ते गाणं काही सेकंदांत ओळखतं. बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो आणि त्याचं उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे जातं, याला क्लेम म्हणतात. मालकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ उतरवायला लावला तर तो स्ट्राइक, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेलच जातं. नवखे या दोन शब्दांत गल्लत करतात. साधा क्लेम आला की घाबरून चॅनेल बंद करतात, आणि खरा स्ट्राइक आला की ‘होतंय ते’ म्हणून दुर्लक्ष करतात. आपल्या बार्शीच्या बाईचा रेडिओ शिवताना चालू असतो, तिलाही हे लागू. आणि कीर्तन? फडावर उभं राहून महाराजांना न विचारता तासभर रेकॉर्ड करून टाकणाऱ्यांना वाटतं की देवाचं आहे, सगळ्यांचं आहे. देव सगळ्यांचा असेल, सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क भारतीय कायद्यात त्या कलाकाराचा आहे.

मग शेरे. पहिला वाईट शेरा हा प्रत्येक नवख्याच्या आयुष्यातला एक दिवस असतो, आणि मराठीत तो बहुधा भाषेवरून येतो. ‘ताई, आधी नीट बोलायला शिका.’ बार्शीची बाई ‘करायलाव’, ‘बघायलाव’ म्हणते, न आणि ण यांचं जरा इकडेतिकडे होतं. पुढच्या व्हिडिओत ती ‘आपण कापडाची घडी घालून घेणार आहोत’ असं दूरदर्शनवरच्या बातम्यांसारखं बोलते आणि व्हिडिओ बर्फासारखा थंड होतो. ही दुरुस्ती टाळावी. सिंधुदुर्गातला प्रसाद गावडे ‘कोकणी रानमाणूस’ या नावाने आपल्या मातीतल्या बोलण्यातच झऱ्यांबद्दल, देवराईंबद्दल बोलतो आणि लोक ऐकतात. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांना छापील मजकुरात शंभर-दीडशे वर्षांत जेवढी जागा मिळाली नाही, तेवढी इथे त्यांनी स्वतः करून घेतली. शेरे मारणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, दिसेनासं करायचं बटण आहे, ते वापरायचं. मनाला लागायचं ते लागतंच. पण खाली आणखी एक शेरा असतो, ‘ताई, बाही जोडताना पुढचा भाग कुठला ते परत सांगा ना’. त्याला उत्तर दिलं तर तोच पुढच्या व्हिडिओचा विषय.

एके दिवशी हजार होतात. चार हजार तास त्याआधी किंवा नंतर भरतात. हिशेबच करायचा तर, आठ मिनिटांचा व्हिडिओ लोक सरासरी तीन मिनिटं बघत असतील तर ८०,००० वेळा बघितला जायला हवा, चाळीस व्हिडिओ असतील तर प्रत्येकी दोन हजार. अशक्य नाही, उद्याही नाही. अर्ज जातो, माणूस किंवा यंत्र पाहतं, मंजूर होतं. घरात पेढे येतात. पैसे मात्र अजून लांब आहेत, आणि इथून पुढचा भाग कोणी व्हिडिओत नीट सांगत नाही, कारण तो रटाळ आहे.

कमाई दहा डॉलरला पोचली की गूगल पत्र पाठवतं. खरोखरचं, कागदाचं, पोस्टाने. पत्ता खरा आहे का हे तपासायला आत सहा आकडी पिन असतो. जगातल्या सर्वांत बलाढ्य डिजिटल कंपनीची गाठ इथे मु. पो., ता., जि. शी पडते. पत्ता इंग्रजीत लिहिताना ‘बसस्थानकाजवळ, जुन्या चावडीमागे’ कसं लिहायचं? पत्र दोन ते चार आठवड्यांत येतं असं म्हणतात, पण पोस्टमनला नाव वाचता आलं तर. ज्या घरी विजेच्या बिलाशिवाय पत्र येत नाही तिथे ते शेजाऱ्याच्या कोनाड्यात पडून राहतं. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती थांबतात. पिन परत मागवता येतो, तोही येईना तर ओळखपत्र दाखवून काम होतं. पोस्टमनला आधी सांगून ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि तो करणारे थोडे.

शंभर डॉलर होईपर्यंत पैसे सुटत नाहीत. सुटले की महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान बँकेत निघतात. त्याआधी अमेरिकी कराचा फॉर्म. २०२१ पासून, तिकडच्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिकडे कर कापतात. भारताशी असलेल्या करारामुळे तो १५ टक्के, आणि तोही फक्त अमेरिकी प्रेक्षकांपुरता. फॉर्म भरलाच नाही तर जगभरच्या सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. न्यू जर्सीतल्या मराठी बाईने ब्लाउजचा व्हिडिओ बघितला तर त्याचा दर बार्शीतल्या बाईने बघितल्यापेक्षा चांगला मिळतो, कारण जाहिरातदार तिथल्या डोळ्यांचे जास्त पैसे मोजतो. मग बँक. परदेशातून रक्कम यायची तर शाखेचा स्विफ्ट कोड हवा, तो छोट्या शाखेला नसतो, मुख्य शाखेचा घ्यावा लागतो. ‘हे पैसे कशाचे?’ काउंटरपलीकडचा माणूस विचारतो. ‘ब्लाउजच्या व्हिडिओचे’ या उत्तरावर तो कागद परत वाचतो.

याच सुमारास ईमेल येऊ लागतात. ‘तुमचं चॅनेल आवडलं, आमच्या कंपनीची जाहिरात कराल का, सोबतची फाइल उघडून करार पाहा.’ फाइल उघडली की चॅनेल दुसऱ्याचं. पासवर्ड लागतच नाही, संगणकात साठलेली लॉगिनची खूणच चोरली जाते. गूगलच्याच सुरक्षा पथकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये या पद्धतीची माहिती जाहीर केली, आणि त्या नोव्हेंबरपासून कमाई करणाऱ्या चॅनेलांना दुहेरी पडताळणी सक्तीची झाली. ‘आपली आजी’चं चॅनेलही ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झालं होतं, काही दिवसांनी परत मिळालं. आजींचं नाव झालेलं होतं, वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या. ज्याचे अकराशे सबस्क्रायबर आहेत त्याच्यासाठी बातमी येत नाही.

पण चोरापेक्षा घरातलीच एक गोष्ट जास्त चॅनेलं बुडवते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. चॅनेल कोणाच्या ईमेलवर आहे? बाईचा ईमेल नव्हता, म्हणून भाच्याने त्याच्या ईमेलवर उघडून दिलं. गंमत म्हणून, कोणाला वाटलं होतं चालेल? चाललं. आता कायद्याच्या आणि कंपनीच्या दृष्टीने चॅनेल भाच्याचं. पैसे घ्यायचं खातंही त्याच्याच नावाचं, कारण पॅन त्याचा दिला, पिन त्याच्या पत्त्यावर आला. भाचा वाईट नाही. तो पुण्याला नोकरीला गेला, त्याचा फोन बदलला, त्याचं लग्न ठरलं. बाई दर वेळी त्याला ओटीपी विचारते, तो मीटिंगमध्ये असतो. यातून सुटका आहे. चॅनेलमध्ये दुसऱ्या माणसाला अधिकार देता येतात, मालकी ब्रँड खात्यातून दुसऱ्या ईमेलवर नेता येते, पैशाचं खातं बदलता येतं, पण ते ३२ दिवसांतून एकदाच. सगळ्याला भाचा शेजारी बसलेला असावा लागतो, निवांत, तासभर. तेव्हा ज्या मुलीने ‘काकू, व्हिडिओ टाका ना’ म्हटलं, तिला त्याच दुपारी सांगावं : आधी माझ्या नावाचा ईमेल काढून दे, त्याचा पासवर्ड माझ्या वहीत लिही, आणि फोन नंबर माझा टाक.